मोटर जळते ती छोटी म्हणून नाही, गिअर चुकला म्हणून! सायकलला मोटर बसवण्याआधी हा हिशोब करा

आमच्या तात्यांचं घर ओढ्याच्या काठाला, आणि दूध संकलन केंद्र वर डांबरी रस्त्यावर. मध्ये दोन किलोमीटरची वाट, त्यातला निम्मा चढ. सकाळी साडेसातला केंद्रावरचं माप बंद होतं. त्यानंतर गेलेलं दूध परत घरी. गेल्या दोन वर्षांत तात्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून चुलत भावाने आणि मी त्यांच्या जुन्या २८ इंची सायकलला मोटर बसवायचं ठरवलं. २४ व्होल्ट, २५० वॉटची मोटर मिळाली. मोटरवरचं ११ दातांचं छोटं स्प्रॉकेट, मागच्या चाकाला ५५ दातांचं मोठं स्प्रॉकेट, मध्ये चेन. झालं काम, असं आम्हाला वाटलं.

सपाटीला ढकलून दिली की सायकल कशीबशी पळायची. चढ लागला की मोटर नुसती गुरगुरायची. तिसऱ्या दिवशी चढाच्या मध्यावरच जळका वास आला आणि मोटर गेली. दुधाची कॅन घेऊन तात्या तिथेच उभे. जो तो म्हणाला, "मोटर छोटी पडली, मोठी घ्या." पण लेथवाल्या काकांनी सायकल पाहिली, दोन्हीकडचे दाते मोजले आणि एकच वाक्य बोलले : "मोटर बरोबर आहे रे पोरांनो, गिअर चुकलाय."

तेच खरं निघालं. आज अनेक गावांत तरुण मुलं व्हिडिओ बघून सायकलला मोटर लावतायत. त्यांचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून हा हिशोब सविस्तर देत आहोत.

मोटरला वेग असतो, रेटा नसतो

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. नांगरट करताना कुणी टॉप गिअर टाकत नाही. इंजिन तेच, डिझेल तेच, पण खालच्या गिअरमध्ये चाक हळू फिरतं आणि ओढ वाढते. वरच्या गिअरमध्ये वेग मिळतो, ओढ जाते.

सायकलची छोटी डीसी मोटरही तशीच. २५० वॉटची साधी मोटर मिनिटाला साधारण २६५० फेरे मारते. पण तिच्या शाफ्टला पिळण्याची ताकद, म्हणजे टॉर्क, फार थोडी असते. चाकाला मात्र मिनिटाला शे-दीडशे फेरेच पुरतात, आणि रेटा भरपूर लागतो. फेरे कमी करून रेटा वाढवायचं काम म्हणजेच गिअर रिडक्शन. मोटरचे २० फेरे झाले की चाकाचा १ फेरा होत असेल, तर त्याला २० पट रिडक्शन म्हणायचं. फेरे २० पट कमी होतात आणि टॉर्क जवळजवळ २० पट वाढतो. थोडा घर्षणात जातो.

मग चुकीच्या गिअरला मोटर जळते का? विहिरीवरच्या पंपात कचरा अडकला की काय होतं ते आठवा. मोटर फिरू शकत नाही, आवाज करते, आणि बंद केली नाही तर वाइंडिंग जळतं. फिरणारी मोटर स्वतःच बॅटरीच्या विरुद्ध थोडा विजेचा दाब तयार करत असते, त्यामुळे करंट आवाक्यात राहतो. फेरे पडले की तो उलटा दाबही पडतो, करंट वाढतो, आणि त्या करंटचं काम न होता उष्णता होते. चढावर गुरगुरणारी मोटर म्हणजे अडकलेला पंपच.

आमचं नेमकं काय चुकलं?

आधी चाकाचा घेर मोजा. टायरवर खडूने खूण करा, सायकल सरळ एक फेरा पुढे न्या आणि जमिनीवरचं अंतर टेपने मोजा. २८ इंची चाकाचं ते साधारण २.२ मीटर भरतं.

आमचं रिडक्शन होतं ५५ भागिले ११, म्हणजे ५ पट. मोटरचे २६५० फेरे भागिले ५ म्हणजे चाकाचे ५३० फेरे. गुणिले २.२ मीटर. हे होतात मिनिटाला ११६६ मीटर, म्हणजे तासाला ७० किलोमीटर! सायकल ७० च्या वेगाने पळेल तेव्हाच मोटर तिच्या ठरलेल्या फेऱ्यांवर येणार. दुधाची कॅन घेऊन चढावर ते कधीच होणार नव्हतं.

चढाला रेटा किती लागतो?

हा हिशोब सोपा आहे. तात्या ६० किलो, सायकल २२ किलो, मोटर-बॅटरी-सांगाडा मिळून १५ किलो, कॅनसह दूध २३ किलो. एकूण १२० किलो. आमचा चढ १०० मीटरला ५ मीटर वर जातो. म्हणून १२० चा ५ टक्के, म्हणजे ६ किलोचा रेटा फक्त चढासाठी. टायर आणि रस्त्याच्या घर्षणाला आणखी साधारण सव्वा किलो. म्हणजे सात किलोच्या आसपास रेटा सतत लागतो.

तुमच्या वाटेचा चढ मोजायचा असेल तर गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घ्या. १० मीटर अंतरात किती सेंटिमीटर फरक पडतो ते बघा. ५० सेंटिमीटर म्हणजे ५ टक्के. मोबाईलमध्ये कोन मोजायचं अ‍ॅप असेल तर ३ अंश म्हणजे साधारण ५ टक्के धरा.

आता २५० वॉटची मोटर न तापता सतत किती रेटा देते, तो आकडा वेगवेगळ्या रिडक्शनला बघा (२८ इंची चाक, घर्षणात १५ टक्के गेले असं धरून) :

- ५ पट : हिशोबाने वेग ७० किमी, रेटा जेमतेम १.१ किलो
- १४ पट : वेग २५ किमी, रेटा ३.१ किलो
- २० पट : वेग साडेसतरा किमी, रेटा साडेचार किलो
- ३२ पट : वेग ११ किमी, रेटा ७ किलो

सगळी गोम इथे आहे. पाचपटीला मोटर सतत जो रेटा देते तो सपाट रस्त्याच्या घर्षणालाही पुरत नाही. ३२ पटीला तीच मोटर आख्खा चढ एकटी चढते, पण सपाटीला बैलगाडीपेक्षा जरा बरी. आम्ही मधलं २० पट धरलं. साडेचार किलो मोटरचे, उरलेले अडीच किलो तात्यांच्या पायाचे. एवढं पायडल त्यांचे गुडघे सहन करतात.

म्हणून नियम एकच : गिअर ठरवायचा तो चढ बघून, वेग बघून नाही. तुमची वाट सपाट असेल तर १४-१५ पट पुरे. घाटाची वाट असेल तर २० च्या खाली जाऊ नका.

वीसपट एका चेनमध्ये का होत नाही?

११ दातांच्या स्प्रॉकेटला २० पट करायचं तर समोर २२० दातांचं चक्र लागेल. बारीक चेनचं धरलं तरी ते जवळजवळ दीड फूट व्यासाचं होतं. सायकलला ते बसणार नाही. म्हणून मध्ये एक शाफ्ट टाकून काम दोन टप्प्यांत करायचं. दोन टप्प्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो, हे लक्षात ठेवा.

- पहिला टप्पा : मोटरचे ११ दाते ते मधल्या शाफ्टवरचे ८० दाते. ८० भागिले ११, म्हणजे ७.२७ पट. इथे मोटरसोबत येणारी बारीक चेन वापरायची.
- दुसरा टप्पा : मधल्या शाफ्टवरची १६ दातांची सायकलची फ्रीव्हील ते मागच्या चाकावरचं ४४ दातांचं चेनव्हील. ४४ भागिले १६, म्हणजे २.७५ पट. इथे साधी सायकलची चेन.
- एकूण : ७.२७ गुणिले २.७५, बरोबर २० पट.

बाजारात आतच गिअर असलेली मोटरही मिळते. ती जवळजवळ दहापट रिडक्शन करूनच बाहेर येते आणि तिच्यावर सायकलच्या चेनचं ९ दातांचं स्प्रॉकेट असतं. समोर १८ दाते लावले की २० पट होतं, मधला शाफ्ट लागत नाही. नवी मोटर घेणारच असाल तर हीच घ्या. पण साधी मोटर हातात असेल, तर तिच्यासाठी मधला शाफ्ट घरच्या घरी होतो.

मधला शाफ्ट कसा करायचा?

१. शाफ्ट आणि बेअरिंग : १५ मिलिमीटरचा ब्राइट बार घ्या. त्याला दोन्ही बाजूंनी पायावर बसणारी बेअरिंग लावा. दुकानात यूसीपी २०२ मागा, ती १५ मिलिमीटरची असते. एकाच बेअरिंगवर शाफ्ट लटकता ठेवू नका. चेनच्या ओढीने तो वाकडा होतो.

२. मोठं स्प्रॉकेट : ते शाफ्टवर चावीने बसवा, म्हणजे शाफ्टला आणि स्प्रॉकेटच्या बुशला खाच पाडून मध्ये लोखंडी चावी घाला. नुसत्या ग्रब स्क्रूवर विसंबू नका, पहिल्याच चढाला तो घसरतो. थेट वेल्डिंगही टाळा. उष्णतेने स्प्रॉकेट तिरपं होतं आणि चेन कधी घट्ट, कधी सैल होत राहते.

३. फ्रीव्हील : मोटर बंद असताना पायडल मारलं तर मोटर ओढत न्यावी लागू नये, म्हणून फ्रीव्हील हवीच. तिला आटे पाडायला जुना मागचा हब लेथवाल्याकडे न्या. फ्रीव्हील बसते तो आट्यांचा भाग कापून, मध्ये १५ मिलिमीटरचं भोक करून शाफ्टवर चावीने बसवून घ्या.

इथे बहुतेकांची फसगत होते

सायकलची साधी फ्रीव्हील उजव्या बाजूसाठी असते. मोटरची चेन डाव्या बाजूने घ्यायची म्हणून अनेक जण तीच फ्रीव्हील मागच्या चाकाला डावीकडे लावतात. मग मोटर फिरते, फ्रीव्हील टकटक करते, चाक जागचं हलत नाही. उलटी लावल्यावर तिची पकडायची दिशाही उलटी होते. शिवाय तिचे आटे जोर आला की सुटायला बघतात.

पण हीच फ्रीव्हील मधल्या शाफ्टच्या डाव्या टोकाला, तोंड डावीकडे करून लावली तर काम बरोबर होतं. कारण तिथे ती चेनकडून जोर घेत नाही, शाफ्टकडून घेऊन चेनला देते. आटेही जोर आला की घट्ट होतात. बसवल्यावर हाताने तपासा. शाफ्ट पुढे फिरवला की दाते सोबत फिरले पाहिजेत. शाफ्ट धरून ठेवून दाते पुढे फिरवले की टकटक करत मोकळे फिरले पाहिजेत. असं झालं नाही तर पुढचं काम थांबवा.

चाकावरचं चेनव्हील

४४ दातांचं चेनव्हील मागच्या चाकाला डावीकडे लागतं. ते स्पोकांना तार किंवा पट्टीने बांधू नका. चढावर सगळा जोर स्पोकांवर येतो आणि ती एकेक करून तुटतात. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे डिस्क ब्रेकचा हब. त्याच्या डाव्या बाजूला सहा बोल्टची जागा तयार असते, तिथे लोखंडी पट्टी घालून चेनव्हील कसता येतं. तसा हब आणून जुन्या रिमला स्पोक नव्याने भरून घ्या. चेनव्हील सायकलच्या मागच्या नळीला घासत नाही ना, हेही बघा. त्याचा व्यास साधारण १८ सेंटिमीटर असतो.

सांगाडा, ओळ आणि ताण

मोटर आणि मधला शाफ्ट ५ मिलिमीटरच्या एकाच लोखंडी पट्टीवर बसवा. पट्टी कॅरियरच्या खाली यू-क्लॅम्पने आवळा. सायकलच्या पातळ नळीला वेल्डिंग करू नका. तिथेच पुढे तडा जातो. मोटरच्या आणि बेअरिंगच्या बोल्टची भोकं गोल नको, लांबट करा, म्हणजे मागे-पुढे सरकवून चेन ताणता येते. बॅटरी फ्रेमच्या मधल्या त्रिकोणात ठेवा. वजन खाली राहिलं की सायकल डगमगत नाही.

दोन्ही स्प्रॉकेट एका ओळीत आहेत का ते बघायला दोरी ताणून धरा. दोरी दोन्हीच्या कडांना सारखी टेकली पाहिजे. चेनच्या मध्यावर बोटाने दाबलं तर साधारण एक सेंटिमीटर हलावी. फार घट्ट चेन बेअरिंग खाते, फार सैल चेन चढावर उडते.

दोन्ही चेनवर पत्र्याचं झाकण हवंच हवं. धोतर, साडीचा पदर, ओढणी, लहान पोराचं बोट, काहीही त्यात जाऊ शकतं. झाकण होईपर्यंत सायकल अंगणाबाहेर काढू नका.

वायरिंग आणि बॅटरी

या मोटरला पूर्ण भाराला साधारण १३-१४ अँपिअर करंट लागतो. घरातली दिव्याची वायर वापरू नका, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. बॅटरीच्या प्लस टोकाजवळच ३० अँपिअरचा फ्यूज लावा. कंट्रोलर मोटरच्या व्होल्टचाच घ्या आणि ब्रेक दाबला की मोटर बंद होईल अशी ब्रेक लिव्हर बसवा.

१२ व्होल्ट १२ अँपिअर-तासाच्या दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या की २४ व्होल्ट होतात. एवढ्या करंटला त्यातली निम्मीच वीज कामाला येते असं धरा. सपाटीला १२ ते १५ किलोमीटर, चढाला त्याहून कमी. लिथियम बॅटरी हलकी असते, पण सुटे सेल आणून घरी जोडायच्या भानगडीत पडू नका. संरक्षण सर्किट असलेला तयार पॅकच घ्या.

पहिली चाचणी

आधी सायकल स्टँडवर लावून पाच मिनिटं मोटर चालवा. आवाज सारखा हवा, चेन नाचता कामा नये. मग मोकळी सायकल सपाटीला, मग कॅनमध्ये पाणी भरून सपाटीला, आणि शेवटी चढाला. दुधाची कॅन पहिल्या दिवशी नाही. प्रत्येक वेळी उतरल्यावर मोटरवर हात ठेवून बघा. कोमट चालेल. हात ठेवता येत नसेल तर रिडक्शन कमी पडतंय किंवा पायडल कमी पडतंय. इलेक्ट्रिशियनकडे डीसी करंट दाखवणारा क्लॅम्प मीटर असेल तर चढावर करंट मोजा. १४-१५ च्या वर बराच वेळ राहत असेल तर गिअर बदला. पहिल्या दहा किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळा.

ब्रेक आधी, मोटर नंतर

जुन्या सायकलचे दांडीचे ब्रेक पावसात ओल्या रिमवर नीट धरत नाहीत. वर चढवलेलं १२० किलो वजन कधीतरी खाली उतरवायचंही असतं! मोटर उतारावर थांबवत नाही, त्यात फ्रीव्हील आहे. म्हणून ब्रेकचे रबर नवे घाला, दोन्ही ब्रेक स्वतंत्रपणे सायकल थांबवतात का ते उतारावर तपासा, आणि मगच मोटरच्या कामाला हात लावा.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे, मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल तर अशा वाहनाला मोटार वाहन धरत नाहीत. मात्र ही सूट ठरवून दिलेल्या चाचणी संस्थेने तपासलेल्या मॉडेलला आहे. घरी केलेल्या सायकलकडे तो कागद नसतो. म्हणून मोटर घेतानाच लेबल बघून २५० च्या आतली घ्या, वेग कमीच ठेवा आणि सायकल शेताच्या, वस्तीच्या वाटेपुरती वापरा. हायवेला नेऊ नका. "मोठी मोटर टाका" या सल्ल्याचा हा दुसरा तोटा. ५०० वॉटची मोटर टाकली की सूट सरळ संपते, नोंदणी, लायसन, विमा सगळं मागे लागतं.

तात्यांची सायकल आता कशी चालते?

दुसरी मोटरही २५० वॉटचीच घेतली, बदललं फक्त रिडक्शन. सपाटीला सायकल सतरा-अठराने जाते. चढाला तात्या हळूहळू पायडल मारतात, मोटर सोबत ओढते. केंद्राच्या अलीकडे शंभर पावलांचा एक टप्पा आहे, तिथे चढ दहा टक्क्यांचा. हिशोबाने तिथे १३ किलो रेटा लागतो, तो ना मोटरला झेपतो ना गुडघ्यांना. तिथे तात्या खाली उतरतात, थोडा थ्रॉटल देतात आणि सायकलसोबत चालत जातात. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

"मशिनला झेपेल तेवढंच सांगावं," तात्या म्हणतात. "बैलालाही आपण तेवढंच सांगतो."

दूध मात्र सात वाजून दहा मिनिटांनी मापावर असतं.